एलडीएल नॉर्मल आहे, मग गोळी कशाला?

(घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचा बी विंगचा ग्रुप)

सुधाकर काका, ४०२: क्लब हाऊसमधल्या शिबिराचे रिपोर्ट आले. एकूण कोलेस्टेरॉल १७८, एलडीएल (ते वाईट कोलेस्टेरॉल) ९६. दोन्हीपुढे नॉर्मल! शुगरची गोळी आहेच, कोलेस्टेरॉलची मात्र परवापासून बंद केली. उगाच लिव्हरला त्रास कशाला.

वैशाली, ११०१: अभिनंदन काका 👏 आता मामलेदारची मिसळ तुमच्याकडून!

मृणाल, ७०३: मिसळ थांबवा जरा. काका, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) किती?

सुधाकर काका: २४० आणि ३४. एवढं खोलात कोण जातं?

मृणाल: आम्ही लॅबवाले जातो 😀 एलडीएल बऱ्याचदा थेट मोजत नाहीत, हिशोबाने काढतात. एकूणातून एचडीएल वजा, मग ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा भाग वजा. तुमचे १७८ – ३४ – ४८ = ९६. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेले की हे सूत्र चालतच नाही.

मृणाल: आणि डायबेटिसमध्ये खरी गोम पुढेच आहे. ट्रायग्लिसराइड्स वर, एचडीएल खाली आणि एलडीएलचे कण बारीक, पण संख्येने जास्त. म्हणजे ९६ कोलेस्टेरॉल थोड्या मोठ्या गोण्यांऐवजी ढीगभर छोट्या पुड्यांत भरलेलं. रक्तवाहिनीच्या अस्तरात शिरतात ते कण, त्यामुळे त्यांची संख्या महत्त्वाची. म्हणून एकूणातून फक्त एचडीएल वजा करून बघा. उरतं ते सगळ्या वाईट कणांतलं कोलेस्टेरॉल. तुमचं १४४ येतं. डायबेटिसवाल्यांना डॉक्टर बहुतेकदा एलडीएल ७० च्या आणि हा आकडा १०० च्या खाली ठेवायला सांगतात. छापील 'नॉर्मल' सगळ्यांना सरसकट लावलेलं असतं.

निखिल, २०४: मग एचडीएल वाढवायची गोळी नाही का? ते चांगलं ना?

मृणाल: करून बघितलं कंपन्यांनी. टॉर्सेट्रॅपिब नावाच्या गोळीने एचडीएल भरपूर वाढलं, पण गोळी घेणाऱ्यांत मृत्यूही जास्त झाले. २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली.

सेक्रेटरी: टँकर ११ ला येईल. आरोग्यचर्चा कृपया वेगळ्या ग्रुपवर.

देसाई काकू, ६०१: आम्ही तर डब्यावर 'कोलेस्टेरॉल फ्री' बघूनच तेल आणतो.

मृणाल: काकू, कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं, वनस्पती तुपातही नाही. ते छापणं म्हणजे पाण्याच्या बाटलीवर 'साखर नाही' लिहिणं. बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं शरीरच बनवतं. काकांची बंद केलेली गोळी लिव्हरमधलं तेच काम कमी करते, मग लिव्हर रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतं. रिपोर्ट बरा आला तो तिच्यामुळेच असेल.

सुधाकर काका: पण छातीत कधी दुखलं नाही माझ्या. गेल्या आठवड्यात लिफ्ट बंद होती तेव्हा चौथ्या मजल्यापर्यंत दम लागला तेवढाच. वय झालं.

मृणाल: आधी लागायचा का?

सुधाकर काका: दिवाळीत नव्हता लागला.

मृणाल: मग आजच डॉक्टरांकडे जा, काका. जुन्या डायबेटिसमध्ये नसा बोथट होतात, हृदयाचं दुखणं छातीत जाणवेलच असं नाही. नुसता दम, घाम, थकवा एवढंच येतं. आणि बसल्या जागी दम लागला तर कोणाची वाट बघू नका, सरळ १०८ ला फोन.

निखिल: काका, मी नऊला तलावपाळीकडे निघतोय, सोडतो तुम्हाला. रिपोर्ट आणि गोळ्यांची स्ट्रिप दोन्ही घ्या.

सुधाकर काका: स्ट्रिप टाकून दिली रे.

शैला काकू, ४०२: टाकलेली नाही. माझ्या बी.पी.च्या डब्यात आहे. निखिल, खाली येतायत ते.