‘घाट’, ‘नाळ’ आणि ‘सडा’

प्रश्न: भूगोलाच्या पुस्तकात ‘पश्चिम घाट’ म्हणजे अख्खी डोंगररांग. बोलण्यात मात्र ‘घाट लागला’ म्हणजे वळणावळणाचा रस्ता आला. मूळ अर्थ कोणता? आणि ट्रेकवाले ‘नाळ’ म्हणतात ती वेगळी का?

उत्तर: मराठीत डोंगर तो सह्याद्री, आणि तो चढण्या-उतरण्याची वाट तो घाट. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून इथला बेसाल्ट, म्हणजे काळा कातळ, तयार झाला. ही रांग देशाकडे हळूहळू उतरते, पण कोकणाकडे तिचे सरळसोट कडे तुटलेत. त्यामुळे ओझ्याच्या जनावरांना वाटेल तिथून उतरता येत नसे. जिथे उतार साधला तिथे पायऱ्या खोदल्या, फरसबंदी केली, जकात बसवली. नाणेघाट पाहा. जुन्नरहून कोकणातल्या बंदरांकडे जाणारी ही सातवाहनकालीन वाट. खिंडीजवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांच्या दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण या नाण्यांचे आकडे कोरलेत. वर दगडी रांजण आहे, तो जकातीचा असं परंपरा सांगते. घाट म्हटला की माणसाची एवढी खटपट आलीच. 1863 साली बोरघाटातून रेल्वे वर चढली, तिलाही आपण ‘घाट’च म्हटलं. आजही कर्जतला गाडीला मागून ढकलणारं बँकर इंजिन लागतं.

नाळ ही पाण्याने कोरलेली. दोन कड्यांमधली चिंचोळी, उभी घळ, तळाला निसटते धोंडे. बोराट्याची नाळ, सिंगापूरची नाळ ही नावं तोरणा-रायगड परिसरात फिरणाऱ्यांच्या तोंडी असतात. तिथून माणूस उतरतो, लादलेला बैल नाही.

या हिशेबाने ‘घाटी’ म्हणजे घाटावरचा, घाट ओलांडून आलेला माणूस. मुंबईत तो शब्द हिणवायला वापरतात, ते मला अजिबात पटत नाही.

आणखी एक उत्तर: यात ‘सडा’ही घ्या. आमच्या रत्नागिरीकडे जांभ्याचं, म्हणजे तांबड्या दगडाचं, उघडं, सपाट पठार म्हणजे सडा. उन्हाळ्यात पाय भाजतात, पावसाळ्यात खळग्यांत पाणी साचून त्याच कातळावर इवल्या फुलांचे ताटवे येतात. राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत. साताऱ्याचं कासही जांभ्याचंच, ते 2012 मध्ये जागतिक वारशात गेलं. सरकारी कागदांत मात्र असे सडे ‘पडीक’ म्हणून लागतात. ती नोंद बदलायलाच हवी.