सबवूफर आल्यापासून डग्गा नुसता घुमतोय

प्रश्न: मंडळी, 10 बाय 12 ची खोली, पाच इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर, कोपऱ्यात नवा सबवूफर (फक्त खर्जाचा आवाज काढणारा स्पीकर), क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबकडे जातात ती सीमा) 120 हर्ट्झवर. डग्ग्याचा घिस्सा (तळहात घासून काढलेला सरकता सूर) एका सुरावर भसकन फुगतो, बाकीचा गायब. काय करू?

उत्तर: आधी कोपऱ्यातून काढा! 12 फुटांत 47 हर्ट्झच्या आसपास खोलीच घुमते, कोपरा त्यात तेल ओततो. सब तुमच्या खुर्चीवर ठेवून बास वाजवा आणि भिंतीकडेने रांगत ऐका. जिथे सगळे सूर सारखे, तिथे सब. घरचे हसतील, हसू देत. क्रॉसओव्हर 80 ला आणा.

दुसरे उत्तर: सबच्या मागचा फेजचा खटका (सबच्या लाटा स्पीकरच्या लाटांशी जुळवणारा) 0 आणि 180 वर आलटून पालटून बघा. स्पीकरसकट 80 हर्ट्झचा सूर ज्यावर मोठा येईल, ते बरोबर.

प्रश्नकर्ता: खिडकीखाली सरकवला. घिस्सा सलग येतोय. आता खालच्या मजल्यावरच्या काकूंवर उपाय सांगा.