मास्कने संसर्ग खरंच कमी होतो का? (भांडण नकोय, माहिती हवीय)

गोंधळलेला_जीव:
नमस्कार मंडळी. घरात यावरून रोज खडाजंगी चालू आहे म्हणून विचारतोय. बाबांची केमो चालू आहे त्यामुळे डॉक्टरांनी गर्दीत जाताना मास्क लावायला सांगितलाय, सोबत जाणारे आम्हीपण लावतो. मेव्हणा म्हणतो सगळं थोतांड आहे, विषाणू इतका बारीक की जाळीच्या कुंपणातून डास जावा तसा मास्कमधून आरपार जातो, वर एक व्हिडिओ पाठवला की संशोधनातच मास्कचा उपयोग शून्य निघालाय म्हणून. मला शास्त्रातलं फारसं कळत नाही, पण उपयोगच नसेल तर डॉक्टर सांगतील कशाला? जाणकारांनी सांगा, राजकारण आणू नका प्लीज.

अडाणी_पण_शहाणा:
मेव्हणे अगदीच हवेत बोलत नाहीयेत हो. डेन्मार्कमध्ये 2020 ला जवळपास सहा हजार लोकांवर ट्रायल झाली, मास्क लावायला सांगितलेल्या गटात 1.8 टक्के लोकांना कोविड झाला आणि दुसऱ्या गटात 2.1 टक्के. झाला का काही फरक? 2023 च्या कोक्रेनच्या (वैद्यकीय संशोधनं एकत्र करून तपासणारी संस्था) आढाव्यातही तेच, की फारसा फरक दिसत नाही. आता तुटून पडा माझ्यावर.

सूक्ष्मदर्शी:
तुटून नाही पडत, पण दोन गोष्टींची गल्लत होतेय.

आधी ते डासाचं. कोरोनाचा विषाणू साधारण 0.1 मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), हे खरं, पण तो नागडा फिरत नाही ना, आपण बोलतो खोकतो तेव्हा थुंकीच्या, शेंबडाच्या बारीक थेंबांत बसून बाहेर पडतो आणि ते थेंब त्याच्यापेक्षा बरेच मोठे असतात. आणि दुसरं म्हणजे एन-95 ही चाळणी नाहीच. आत प्लास्टिकच्या अतिबारीक धाग्यांचा गुंता असतो आणि त्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो. मोठे कण सरळ जाऊन धाग्यावर आपटतात, एकदम बारीक कण हवेत वेडेवाकडे थरथरत जातात त्यामुळे तेही कुठेतरी धडकून चिकटतात, सुटायची शक्यता जास्त ती मधल्याच मापाच्या कणांची. चाचणी साधारण 0.3 मायक्रॉनच्या कणांवर घेतात ती त्याचसाठी, आणि त्यात किमान 95 टक्के अडले तरच 95 हा आकडा लावता येतो. म्हणजे जितका बारीक तितका आरपार, हे गणितच चुकीचं.

आता डेन्मार्क. त्यांनी मोजलं काय, तर मास्क लावणारा *स्वतः* वाचतो का. त्याच्यामुळे दुसरे वाचतात का हे मोजलंच नाही, आजूबाजूचे बहुतेक लोक तेव्हा बिनमास्कचेच होते, आणि सांगितल्याप्रमाणे तंतोतंत मास्क लावला असं म्हणणारे त्या गटात निम्म्याहून कमी. आकडे इतके छोटे की फायदा आहे असंही छातीठोक म्हणता येत नाही आणि नाही असंही. कोक्रेनचं तर त्यांच्याच मुख्य संपादक कार्ला सोआरेस-वायझर यांनी मार्च 2023 मध्ये स्पष्ट केलं की 'मास्क चालत नाहीत' हा अर्थ चुकीचा आहे, निष्कर्ष अनिर्णित आहेत. व्हिडिओवाले एवढंच बरोब्बर गाळतात.

उलट बांगलादेशातल्या ट्रायलचं बघा. सुमारे 600 गावं, तीन लाखांहून जास्त माणसं. काही गावांत मास्क फुकट वाटले, मागे लागून आठवण केली, तर वापर 13 टक्क्यांवरून 42 वर गेला आणि लक्षणं असलेला, रक्ततपासणीत पक्का झालेला कोविड साधारण 9 टक्क्यांनी कमी झाला. सर्जिकल मास्कवाल्या गावांत 11, आणि तिथल्याच साठीपुढच्या लोकांत तर 35 टक्के. कापडी मास्कचा मात्र ठोस फायदा दिसला नाही.

अडाणी_पण_शहाणा:
9 टक्के म्हणजे काय फार मोठं घबाड नाही. आणि कापडी मास्क निकालात निघाले ते निघालेच, लोक तेच तर लावत होते.

सूक्ष्मदर्शी:
कापडीबद्दल वाद नाही. पण 9 टक्के कधी, तर तिथेही निम्म्याहून जास्त लोक बिनमास्कचे होते तेव्हा. तो आकडा मास्क वाटण्याचा परिणाम आहे, तोंडावर नीट बसलेल्या मास्कचा नव्हे.

रात्रपाळी:
मी आयसीयूत सिस्टर आहे. नुसतं "मास्क" म्हणून काही कळत नाही हो, कुठला, बसलाय कसा, बंद खोलीत की मोकळ्यावर, यावर सगळं आहे. आमची फिट टेस्ट होते तेव्हा मास्क लावून डोक्यावर टोपडं घालतात आणि आत कडू औषधाचा फवारा मारतात, जिभेला कडू लागलं की समजायचं हवा कडेने शिरतेय, मास्क बदला. दाढीवाले तर हमखास नापास.

घरी टेस्ट नाही करता येणार, पण नाकावरची पट्टी दोन्ही हातांनी दाबा, कडेने तळवे धरून जोरात श्वास सोडा. चष्मा धुरकटला म्हणजे नाकाजवळ फट आहे. व्हॉल्व्हवाला (समोर श्वास सोडायची झडप असलेला) घेऊ नका, त्यात लावणारा वाचतो पण त्याचा उच्छ्वास न गाळता समोरच्याकडे जातो, म्हणजे बाबांजवळ बसणाऱ्यांनी तर नकोच. एन-95 धुवायचा नाही, सॅनिटायझर मारायचा नाही, वर लिहिलंय तो विद्युतभार निघून जातो. आणि खोकला आला की मास्क खाली ओढून खोकणारे लोक, यांना काय म्हणावं! बोलायलाही खाली करतात.

गोंधळलेला_जीव:
खूप खूप आभार सगळ्यांचे. एकच अडचण, बाबांना एन-95 मध्ये दहा मिनिटांत गुदमरायला होतं, लगेच काढून टाकतात. मग काय करायचं?

रात्रपाळी:
डॉक्टरांना आधी विचारा, दम लागण्यामागे हिमोग्लोबिन कमी असणंही असू शकतं, केमोत होतं तसं. तोवर त्यांना सर्जिकल द्या पण नाकाशी घट्ट बसवून, आणि एन-95 तुम्ही सोबतच्यांनी लावा. ओपीडीत लवकरची वेळ मागून घ्या, खिडकीजवळ बसवा, नाहीतर नंबर येईपर्यंत बाहेर थांबा. मोकळ्या हवेत आसपास कुणी नसेल तर काढू दे त्यांना, तेवढाच मोकळा श्वास. आणि घरात कुणाला सर्दीखोकला झाला तर त्या माणसाने घरातही लावायचा, मेव्हणे असले तरी 😄