पाळी जायच्या वयातल्या गरम वाफा : गोळ्यांआधी काय करून बघू?

केवडा

नमस्कार. वय ४८, डोंबिवली. बँकेत कॅश काउंटरला आहे. वर्षभरापासून पाळीचं वेळापत्रक पार कोलमडलंय. कधी वीस दिवसांत हजर, कधी अडीच महिने पत्ता नाही, आणि येते तेव्हा सहा-सात दिवस धो धो. तेही एक वेळ सोसलं असतं, पण या वाफा! परवा नोटांचा गठ्ठा मोजताना छातीपासून मानेवर अशी आग चढली की आकडाच विसरले. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. काचेपलीकडचे आजोबा म्हणाले, "ताई, पंखा तरी लावा." पंखा डोक्यावरच फिरत होता.

रात्री दोन-अडीचला जाग येते तेव्हा उशी घामाने ओली झालेली असते. मग डोळा लागत नाही, आणि पावणेसहाला डब्यासाठी उठायचंच असतं. जिना चढताना धडधडतं. घरात सगळ्यांवर खेकसते आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडते.

सासूबाई म्हणतात, आम्हाला नाही बाई असलं काही झालं. नणंद शतावरी सुचवते, मैत्रीण सोया, आणि व्हॉट्सॲपवर रोज नवा काढा. हॉर्मोनच्या गोळ्यांची भीती वाटते. खाण्यापिण्यातलं, व्यायामाचं काही तुम्हाला स्वतःला लागू पडलं असेल तर सांगा. ऐकीव नको.

झुंजूमुंजू

सासूबाईंनाही झालंच असणार गं. माझी आई त्या वयात भर थंडीत ओट्यापाशी पदराने वारा घेत बसायची, आणि आम्ही तिला हसायचो. आता माझी मुलं मला हसतात.

सातारकरीण

माझं ५१ ला थांबलं, त्याआधीची तीन वर्षं वाईट गेली. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते कॅलेंडर. दुधाचा हिशेब लिहितो ना, त्याच चौकोनात वाफ आली की पेन्सिलीने एक टिंब द्यायचं. रात्रीची असेल तर टिंबाभोवती गोल. महिनाभराने पाहिलं तर टिंबांची गर्दी दोन वेळांना होती. एक, संध्याकाळच्या दुसऱ्या चहानंतर. दोन, रात्री पोळ्या करताना, कारण डासांसाठी आम्ही स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायचो.

मग पाच वाजताचा चहा सोडला (पहिले आठ दिवस डोकं दुखलं, तेवढी तयारी ठेव), खिडकीला जाळी बसवली आणि पोळ्या सकाळीच करायला लागले. नवऱ्याला सांगितलं, रात्री भात खा. त्याने कुरकुर केली आणि खाल्ला. टिंबं निम्म्यावर आली असतील. हेच तुझ्याबाबतीतही खरं असेल असं नाही. एकीला चहा भोवतो, दुसरीला तिखट, तिसरीला कशानेच फरक पडत नाही. म्हणून टिंबं आपली आपण मोजायची.

रात्रीसाठी सुती गाऊन, उशाशी दुसरा कोरडा गाऊन, जाड चादरीऐवजी दोन पातळ. जाग आली की दिवा लावायचा नाही आणि मोबाइल बघायचा नाही. जवसाची चटणी मी रोज चमचाभर खाते. वाफा त्याने कमी झाल्या असं छातीठोकपणे नाही सांगणार, पण पोट साफ राहतं.

हिरवा चाफा

शतावरी कल्प दुधातून दोनदा आणि अश्वगंधा रात्री. दोन महिन्यांत फरक. नैसर्गिक आहे, अपाय काही नाही. डॉक्टरांच्या नादी लागू नका, ते लगेच गर्भपिशवी काढायला सांगतात.

रानजाई

हिरवा चाफा, तुम्हाला बरं वाटलं याचा आनंद आहे, पण "नैसर्गिक म्हणून अपाय नाही" हे पटत नाही. मी स्त्रीरोग विभागात बावीस वर्षं सिस्टर होते. अश्वगंधा घेतल्यावर यकृताला सूज आल्याचे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत, आणि ती थायरॉइडच्या पातळीतही ढवळाढवळ करू शकते. परदेशातून कोणी ब्लॅक कोहोश या वनौषधीच्या गोळ्या आणून दिल्या तरी यकृताबाबत तीच सावधगिरी. घ्यायचंच तर वैद्यांना दाखवून, चालू औषधांची यादी समोर ठेवून घ्या. शिवाय वाफांच्या चाचण्यांमध्ये ज्या बायकांना नुसती औषध नसलेली गोळी दिली जाते, त्यांच्याही वाफा बऱ्यापैकी कमी होतात. त्यामुळे "मला दोन महिन्यांत फरक" यावरून कल्पाने काय केलं ते कळत नाही.

गर्भपिशवीबद्दलचा राग मात्र रास्त आहे. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या, त्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. सोबत अंडाशयंही काढली तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एका रात्रीत अंगावर येतो. कोणी घाईने ऑपरेशन सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्याच.

केवडाताई, तुमच्या लिहिण्यात मला वाफांपेक्षा "धो धो" आणि "जिना चढताना धडधडतं" जास्त खटकलं. हे सगळं वयाच्या खात्यावर टाकू नका. हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच आणि पोटाची सोनोग्राफी एवढं करून घ्या. आणि वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. त्यानंतर नुसता डाग दिसला तरी आठवड्याच्या आत दाखवायचं. "राहिलेलं गेलं असेल" म्हणत सहा महिने घरी बसलेल्या बायका मी पाहिल्यात.

वाफ येते कशी? मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र असतं. इस्ट्रोजेन घटलं की ते फार हळवं होतं. एरवी ज्या किरकोळ उष्णतेकडे ते ढुंकून बघत नाही, तिच्यासाठी कातडीजवळच्या रक्तवाहिन्या उघडून घाम सोडतं. म्हणून "शरीरात उष्णता वाढली" म्हणत सब्जा, वाळ्याचं पाणी पिऊन मूळ कारण जात नाही. पिताना गार वाटतं, तेवढ्यासाठी खुशाल प्या.

पिंपळपान

धाग्यावर पुरुष चालतो का? आमच्याकडे हेच चालू आहे. मी काय करावं?

झुंजूमुंजू

डबा.

सातारकरीण

आणि ती पंखा पाचवर करेल तेव्हा गप्प पांघरूण घ्या.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून. नॉर्थ अमेरिकन मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये हॉर्मोनशिवायच्या उपायांचा आढावा घेतला. तो वाचून माझी जरा निराशाच झाली. वाफांसाठी सोया, वनौषधींच्या गोळ्या, योग, दीर्घ श्वसन, कशाचाच पुरेसा पुरावा त्यांना दिसला नाही. ज्यांची शिफारस केली त्यांत औषधं सोडली तर वजन जास्त असेल तर ते कमी करणं, सीबीटी म्हणजे विचार आणि सवयी बदलायचं समुपदेशन, आणि संमोहन. सीबीटी मी ऑनलाइन केलं. वाफ येते तेव्हा "अरे देवा, आता सगळे बघणार" हा विचार आधी येतो आणि धडधड त्याने वाढते. तेवढा सुटला. वाफा तेवढ्याच, पण त्यांचा धाक गेला. मीटिंगमध्ये आता सरळ सांगते, दोन मिनिटं थांबा.

योग मी सोडलेला नाही. त्याने झोप लागते.

रानजाई

बरोबर. व्यायाम वाफांसाठी नाही, हाडांसाठी करा. पाळी जाण्याच्या आसपासच्या काही वर्षांत हाडं सगळ्यात झपाट्याने ठिसूळ होतात. नुसतं चालणं पुरत नाही, वजन उचलायला हवं. पाण्याच्या दोन लिटरच्या बाटल्या घ्या, खुर्चीवरून हात न टेकता दहा-बारा वेळा उठा-बसा. कॅल्शियम दिवसाला १,००० ते १,२०० मिलिग्रॅम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० असतं, म्हणजे एका भाकरीत दीडशेच्या आसपास. त्यावर दही, ताक, तिळाची चटणी. तीळ न सोललेले.

हॉर्मोनच्या भीतीबद्दल थोडं. ती बरीचशी २००२ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासातून आली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या बायकांसाठी हिशेब वेगळा आहे. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेल्या असतील तर मात्र नको. घ्याच असं म्हणत नाही, पण डॉक्टरांना विचारायलाच नको असं ठरवू नका.

अनामिक

एक विचारायचं होतं, नाव न घालता. संबंधांच्या वेळी फार आग होते. खोबरेल चालतं का?

रानजाई

बाहेरून चालतं, पण निरोध वापरत असाल तर नाही, तेलाने रबर फाटतं. मग पाण्यातलं वंगण जेल घ्या, औषधांच्या दुकानात मिळतं. आणि हा कोरडेपणा वाफांसारखा आपोआप ओसरत नाही, उलट वाढतो. तिथे लावायची इस्ट्रोजेनची क्रीम असते, तिचा अंश रक्तात अगदी कमी जातो. डॉक्टरांना हेच वाक्य म्हणा जे इथे लिहिलंत. त्यांनी ते हजारदा ऐकलेलं असतं.

केवडा

सहा आठवड्यांनी परत आले. हिमोग्लोबिन ८.९ निघालं! थायरॉइड ठीक. सोनोग्राफीत छोटी गाठ आहे, तिच्यावर सध्या फक्त नजर ठेवायची. लोहाची गोळी सुरू झाली, चहा आणि कॅल्शियमपासून दोन तास लांब. रक्तस्रावासाठीही औषध दिलंय. जिना आता एका दमात चढते. रानजाई, तुमच्यामुळे गेले, नाहीतर गेले नसते.

टिंबं दिवसाला नऊ-दहा होती, आता सहाच्या आसपास. माझ्याकडे चहा निर्दोष सुटला. गर्दी होती ती सकाळी ८.१२ च्या लोकलनंतर आणि महिन्याची १ ते १० तारीख, जेव्हा काउंटरला पेन्शनची रांग असते. लोकलचं काही करता येत नाही. मॅनेजरना सांगून टेबलावर छोटा पंखा आणला. काय कारण सांगू याचा दोन दिवस विचार केला, मग सरळ खरं कारण सांगितलं. ते गडबडून "हो हो, घ्या, घ्या" म्हणाले आणि फाइलमध्ये डोकं घातलं. रात्रीची जाग अजून आहेच. पुढच्या वेळी डॉक्टरांना हॉर्मोनबद्दल विचारणार आहे, प्रश्न लिहून ठेवलेत.

सातारकरीण, जवसाच्या चटणीत लसूण भाजून घालतेस की कच्चा? माझी दोन दिवसांत खवट लागते.

सातारकरीण

भाजून, पार कुरकुरीत होईपर्यंत. ओल राहिली की संपलं. आणि आठवड्यापुरतीच कुट, जवस फार दिवस टिकत नाही.