मदत हवी आहे : भाड्याच्या चार खोल्यांना प्रीपेड सब-मीटर बसवावेत का? (सांगली, विश्रामबाग)

वरचा_मजला

नमस्कार. तळमजल्यावर मालकांचे घर, वर भाड्याच्या चार खोल्या. प्रत्येक खोलीला वेगळे दार, ओटा आणि न्हाणी आहे. महावितरणचा मीटर एकच, सिंगल फेज. खोल्यांना साधे सब-मीटर आहेत, त्यांचे रीडिंग दर एक तारखेला वहीत उतरवून पैसे मागावे लागतात. दोन खोल्यांचे दर महिन्याला उशिराच येतात, आणि "आमचे एवढे युनिट कसे" ही कटकट वेगळीच.

वापर : मालक सुमारे 120 युनिट, प्रत्येक खोली सरासरी 70, एकूण 400 च्या आसपास. खोल्यांत प्रत्येकी 2 किलोवॅटचा गीझर आहे.

विक्रेत्याने प्रीपेड सब-मीटरचे दोन प्रकार दाखवले. एक बटणांचा, त्यात 20 आकडी टोकन टाकायचे. दुसरा ॲपवर चालणारा, 3,400 रुपयांना एक आणि वर प्रत्येक मीटरला वर्षाला 400 रुपये. त्याच्या म्हणण्याप्रमाणे वसुलीची चिंता संपते.

प्रश्न तीन. खर्च भरून निघतो का? युनिटचा दर काय लावायचा? बॅलन्स संपल्यावर वीज आपोआप तोडणे कायद्यात बसते का? आणि हो, महावितरणच प्रीपेड बसवणार असेल तर हा खटाटोप कशाला, असेही घरात म्हणणे आहे.

दरपत्रक

ताई/दादा जे असाल ते, तुमचे दुखणे वसुलीचे नाही, स्लॅबचे आहे, म्हणजे वापर वाढेल तसा चढत जाणाऱ्या दराच्या टप्प्यांचे. प्रीपेड मीटरने ते बरे होत नाही.

आकडे मांडतो. उदाहरणाला 2024-25 चे घरगुती दर घेतो, चालू दर बिलावर असतात ते घालून हाच हिशोब पुन्हा करा. वहन आकार (वीज तारांतून आणून देण्याचा) 1.17 रुपये धरून पहिली 100 युनिटे 5.88 ने, 101 ते 300 ही 11.46 ने, 301 ते 500 ही 15.72 ने.

एका मीटरवर 400 युनिट : 588 + 2,292 + 1,572 = 4,452. म्हणजे सरासरी 11.13 रुपये युनिट.

पाच वेगळे मीटर असते तर : खोलीची 70 युनिटे संपूर्ण पहिल्या टप्प्यात, 412 रुपये. चार खोल्यांचे 1,646. मालकांची 120 युनिटे 817. बेरीज 2,463.

फरक 1,989. त्यातून चार जादा मीटरांचा स्थिर आकार (वापर कितीही असो, दरमहा लागणारा) वजा करा, प्रत्येकी 130 च्या आसपास, म्हणजे 520. उरले 1,469. वीज शुल्क 16 टक्के दोन्हीकडे लागते, ते धरले की महिन्याला 1,700 रुपये निव्वळ स्लॅबपायी जातात. इंधन समायोजन, म्हणजे इंधनखर्चाप्रमाणे बदलणारा आकार, यात धरलेला नाही.

आणि यात फक्त भाडेकरूंचाच फायदा आहे असे समजू नका. मालकांची 120 युनिटे आज सरासरीने 1,336 ला पडतात, वेगळ्या मीटरवर 817 ला. शुल्क धरून मालकांचेच महिन्याला 600 वाचतात. उलट प्रीपेडला 13,600 रुपये आज आणि 1,600 दरवर्षी घालायचे, आणि वीज मात्र 11.13 चीच जाळायची.

चारही खोल्यांना महावितरणची स्वतंत्र जोडणी मागा. वेगळे दार आणि वेगळा ओटा आहे, भाडेकरार आहे, तर मागणी रास्त आहे. एकाच कुटुंबाचा वापर मुद्दाम दोन मीटरांवर वाटला असता तर गोष्ट वेगळी, तिथे उपविभाग मीटर एकत्र करून मोकळा होतो.

पक्कड_पाना

वरच्या हिशोबाशी सहमत. पण मीटर कुठलेही बसवा, आधी न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, सोडवा. सांगली-मिरजेतल्या जुन्या वायरिंगमध्ये फेज खोलीनिहाय वेगळे असतात आणि न्यूट्रल मात्र सगळ्यांचा एकच, बोर्डातून बोर्डात लूप मारत नेलेला. साध्या जुन्या सब-मीटरवर हे खपून जाते, कारण तो फक्त फेजचा करंट मोजतो. नवे मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडचा करंट मोजतात आणि जो जास्त त्यावर युनिट धरतात. खोली 2 मधला गीझर खोली 3 च्या न्यूट्रलवरून परत गेला की 3 च्या मीटरवरही युनिट पडतात. "नवा मीटर पळतो" ही जी ओरड असते ना, त्यातला बराच भाग हा असतो. प्रीपेडमध्ये तर काही मीटर याला छेडछाड समजून रिले, म्हणजे वीज तोडणारा आतला स्विच, उघडतात.

तपासायची रीत : खोली 3 चा फेजचा फ्यूज काढा, न्यूट्रल तसाच ठेवा. खोली 2 मध्ये पाणी तापवायची 1500 वॅटची रॉड बादलीत लावा. आता 3 च्या मीटरवरचा लाल दिवा बघा. लुकलुकला तर न्यूट्रल मिसळलेला आहे. दिवा गप्प असला तरी जुना मीटर असेल तर खात्री धरू नका, क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारे साधन) न्यूट्रलच्या वायरीला लावून शून्य येतो का पाहा. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या, झाकणाआड हात घालू नका.

त्याच रॉडने मीटरची परीक्षाही होते. मीटरवर 3200 imp/kWh (म्हणजे युनिटमागे 3200 लुकलुक) असा छाप असेल तर 1500 वॅटला मिनिटाला 80 लुकलुक यायला पाहिजेत. व्होल्टेज 230 च्या खाली असेल तर रॉडच कमी ओढते, म्हणून 72-75 आले तर लगेच मीटरला नाव ठेवू नका.

मिरज_जंक्शन

टोकनवाल्या मीटरबद्दल एक महत्त्वाचे, कारण विक्रेते हे सांगत नाहीत.

20 आकडी टोकन बहुतेक एसटीएस या प्रीपेड टोकनांच्या प्रमाण पद्धतीचे असते. त्यात प्रत्येक टोकनाला वेळेचा क्रमांक असतो, 1 जानेवारी 1993 पासून मोजलेली मिनिटे. त्या क्रमांकाला 24 बिट दिलेले, ते 24 नोव्हेंबर 2024 ला भरले. ज्या मीटरला त्याआधी की-बदल टोकन (मीटरची गुप्त किल्ली बदलून ही मोजणी नव्याने सुरू करणारे) दिले नाही, तो नवी टोकने नाकारतो. गोदामात पडून असलेला जुना साठा स्वस्तात मिळतो तो यामुळेही. घ्यायचाच असेल तर दुकानातच मीटरला वीज देऊन तुमच्यासमोर काढलेले टोकन त्यात टाकून दाखवायला सांगा. "घरी गेल्यावर चालू होईल" यावर पैसे देऊ नका.

ॲपवाल्याचे दुखणे दुसरे. बॅलन्स कंपनीच्या सर्व्हरवर असतो. कंपनीने गाशा गुंडाळला किंवा वार्षिक शुल्क वाढवले तर भिंतीवरचा मीटर म्हणजे नुसता डबा. इंटरनेट नसताना मीटर स्वतःकडचा बॅलन्स धरून चालतो की बंद पडतो, हे लेखी घ्या.

रिलेकडेही बघा. बॅलन्स संपला की आतला रिले सुटतो. गीझर चालू असताना वारंवार सुटला-लागला तर त्याचे संपर्क चिकटतात, मग बॅलन्स शून्य आणि वीज चालूच. 2 किलोवॅटचा गीझर 8.7 अँपिअर घेतो, त्याने 60 अँपिअरच्या रिलेचे काही बिघडू नये. पण मीटरवर 60 लिहून आत हलका रिले घातलेला मालही बाजारात असतो.

दरपत्रक

दराच्या आणि कायद्याच्या प्रश्नाचे राहिले होते.

दर : प्रीपेड सब-मीटरमध्ये एकच सपाट दर घालून ठेवावा लागतो आणि तुमचे बिल टप्प्याटप्प्याने चढते. मार्चमध्ये 11 रुपये दर घालून ठेवलात आणि मेमध्ये एकूण वापर 500 वर गेला की सरासरी बारा-साडेबारा होते, तो फरक मालकांच्या खिशातून. म्हणजे वही काही सुटत नाही, महिनाअखेरचा ताळा करावाच लागतो. बरं, जास्त दर लावून निभवावे तर ती विजेची विक्री होते, आणि वीज कायदा 2003 च्या कलम 12 प्रमाणे परवान्याशिवाय वीज विकता येत नाही. बिलात पडली तेवढीच रक्कम वसूल करा.

ताळा करताना आणखी एक : सब-मीटर स्वतः 1-2 वॅट खातो. चार मीटर 2 वॅटने धरले तर महिन्याला पावणेसहा युनिट. ते मुख्य मीटरवर दिसतात, खोल्यांवर दिसत नाहीत. जिन्यातला दिवा आणि मोटर हेही तसेच. त्यावरून भांडू नका.

तोडणे : महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चे कलम 29 सांगते की मालकाने पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूची अत्यावश्यक सेवा तोडायची नाही, आणि वीज त्यात येते. मशीनने तोडली म्हणून मालक सुटत नाही, मशीन मालकाने बसवलेले आहे. प्रीपेड घेतलाच तर भाडेकरारात स्पष्ट कलम हवे, दोन-तीन दिवसांचे उसने युनिट हवेत, आणि रात्री व सुट्टीच्या दिवशी वीज तुटणार नाही अशी मांडणी हवी. महावितरणलाही थकबाकीवर तोडायचे तर वीज कायद्याच्या कलम 56 खाली पूर्ण 15 दिवसांची नोटीस द्यावी लागते.

महावितरणच्या प्रीपेडची वाट पाहू नका. सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड लावणार नाही असे जून 2024 मध्ये राज्य सरकारने जाहीर केले. आता बसवतात ते टीओडी (कोणत्या वेळी किती वीज वापरली तेही मोजणारे) स्मार्ट मीटर, बिल महिन्यानंतरच. 1 जुलै 2025 पासून त्यावर सकाळी 9 ते सायंकाळी 5 च्या वापराला युनिटमागे 80 पैसे सवलत लागू झाली. पाण्याची 1 एचपी मोटर रोज अर्धा तास दुपारी लावली तर महिन्याला 15 युनिटांवर 12 रुपये. एका चहाचे निघाले म्हणायचे. आणि सब-मीटरला वेळ कळत नाही, त्यामुळे ही सवलत खोल्यांत वाटताही येत नाही.

वरचा_मजला

स्लॅबचा विचारच केला नव्हता. स्वतंत्र जोडणीचेच पाहतो. दोन शंका आहेत. जोडणी कुणाच्या नावावर घ्यावी, आणि भाडेकरू बिल थकवून गेला तर?

पक्कड_पाना

मालकाच्या नावावर घ्या. भाडेकरू बदलतात, दरवेळी नावबदलाचा अर्ज कोण करणार? थकबाकी जागेला चिकटते, म्हणून भाड्याच्या अनामतीशिवाय विजेची अनामत वेगळी घ्या. 70 युनिटांचे बिल वरच्या दराने स्थिर आकार आणि शुल्क धरून 630 च्या आत बसते, तर दोन महिन्यांचे 1,250 पुरे. चारही ग्राहक क्रमांकांना मालकाचा मोबाईल जोडा, म्हणजे बिल न भरल्याचा संदेश आधी मालकालाच येईल.

अर्जाला ओळखपत्र, जागेचा पुरावा, भाडेकरार आणि परवानाधारक कंत्राटदाराचा वायरिंग चाचणी अहवाल लागेल. अर्ज सर्व बाजूंनी पूर्ण असेल तर महापालिका हद्दीत 7 दिवसांत जोडणी द्यायची, असा केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांचा 2024 पासूनचा दंडक आहे. त्यामुळे पोच घ्या, तारखेसकट. अडकलेच तर 1912 वर तक्रार, मग महावितरणचा अंतर्गत तक्रार कक्ष, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच.

अर्ज टाकण्याआधी पाहायचे ते हे : चार गीझर एकदम लागले तर 35 अँपिअर होतात, आणि सिंगल फेजची मर्यादा 40. हिवाळ्यात सकाळी तुमची आत्ताची सर्व्हिस वायर मीटरच्या टोकाशी तापत असणार. वायरमनला सांगून मीटरखालचे इन्शुलेशन तपकिरी झाले आहे का ते पाहा. झाले असेल तर नव्या अर्जात खोलीचा भार गीझर धरून 3 किलोवॅट लिहा, उगाच कमी दाखवू नका.

मिरज_जंक्शन

आणि पाचही मीटर जिन्याखाली एका ओळीत लावणार असाल तर उंची आधी ठरवा. विश्रामबाग उंचावर आहे म्हणा, पण नदीकडच्या गल्ल्यांत हे वाचणारे असतील त्यांच्यासाठी सांगतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोका पातळी 45 फूट, 2019 ला पाणी 57 वर गेले होते. त्या वेळच्या पाण्याची रेघ भिंतीवर अजून दिसत असेल तर मीटरपेटीचा तळ तिच्या वर घ्या.