मदत हवी आहे: ओईटीच्या लिसनिंग-रीडिंगमध्ये सी प्लसवरच गाडी अडली आहे

रातपाळी

नमस्कार. मी मिरजेत एका खाजगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. जीएनएम (नर्सिंगची पदविका) होऊन नऊ वर्षं झाली, त्यातली शेवटची चार आयसीयूत. यूकेला जायचं म्हणून ओईटी, म्हणजे आरोग्यक्षेत्रातल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा, दिली. निकाल असा: स्पीकिंग ३७०, रायटिंग ३४०, रीडिंग ३४०, लिसनिंग ३२०. तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला रायटिंगमध्ये सी प्लस, म्हणजे ३०० चालतात. बाकी तिन्हींत बी, म्हणजे ३५० लागतात. सगळ्यांनी ज्या रायटिंगची भीती घातली होती ते सुटलं, आणि ऐकण्या-वाचण्यात राहिले. रीडिंग तर दहा गुणांनी गेलं. 'बोलता येतंय, लिहिता येतंय, मग ऐकायला काय झालं?' असं सासरे विचारतात. त्यांना काय सांगू?

ज्यांना ही परीक्षा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिसनिंगला ४२ प्रश्न. पार्ट एमध्ये रुग्ण आणि डॉक्टर-नर्स यांची दोन संभाषणं असतात, प्रत्येकी पाचेक मिनिटांची. ती ऐकता ऐकता नोट्समधल्या २४ गाळलेल्या जागा भरायच्या. पार्ट बीत वॉर्डातले सहा छोटे तुकडे, पार्ट सीत दोन मुलाखती किंवा भाषणं. सगळं एकदाच ऐकवतात. रीडिंगलाही ४२ प्रश्न: पार्ट एचे २० प्रश्न १५ मिनिटांत, मग बी आणि सी मिळून २२ प्रश्न ४५ मिनिटांत.

दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, पण इंग्रजी कळत नाही अशातला भाग नाही. केसपेपर, डिस्चार्ज समरी, मशीनची पुस्तिका, सगळं इंग्रजीतच वाचते. सांगलीत क्लासही लावला होता. तिथे रोज एक मॉक, म्हणजे सराव परीक्षा. सोडवा, तपासा, गुण फळ्यावर लिहा, उद्या पुढची. अशा चाळीसेक झाल्या. माझं लिसनिंग ४२ पैकी २५ ते २८ यातच फिरत राहिलं. सर म्हणायचे, 'कान तयार होईल.' कान काही तयार झाला नाही, फी मात्र गेली.

आता क्लास नाही. दिवसाला फार तर दीड तास मिळतो, तोही मुलगी शाळेत गेल्यावर आणि नाइट नसेल तर. त्या दीड तासात नेमकं काय करू? आणखी मॉक सोडवायचा आता कंटाळा आलाय.

पंचगंगा_७

इंग्रजी मालिका बघा, सबटायटल बंद करून. माझं आयईएलटीएस असंच निघालं.

रातपाळी

पंचगंगा, धन्यवाद. पण नाइटनंतर मालिका लावली की दहाव्या मिनिटाला मीच बंद पडते :)

खडूफळा

ताई, चाळीस मॉक सोडवल्या हे सांगितलंत, पण चुकले कुठले प्रश्न ते नाही सांगितलंत. तुम्हाला ४२ पैकी ४२ नकोत. बी साठी साधारण ३० बरोबर यावे लागतात, म्हणजे तुम्ही दोन-चार प्रश्नांनी मागे आहात. ते दोन-चार कुठे सांडतात हे बघण्याऐवजी रोज नवी घागर भरत बसलात.

नवीन मॉकला हात लावू नका. जुन्या तीन काढा. फक्त चुकलेली उत्तरं घ्या आणि प्रत्येकीपुढे खूण करा: ऐकूच आलं नाही, ऐकू आलं पण कळलं नाही, कळलं पण भलतंच लिहिलं. तीन रकाने. आकडे इथे टाका, मग बोलू.

रातपाळी (दोन दिवसांनी)

काल डे ऑफ होता, मुलीला आजीकडे पाठवून बसले. तीन मॉकच्या पार्ट एचे मिळून ७२ प्रश्न, त्यातले २७ चुकले. पहिल्या रकान्यात ५, दुसऱ्यात ४, तिसऱ्यात १८!

आता लिहायला लाज वाटतेय, पण नमुने देते. बाई म्हणते, हाताला 'पिन्स अँड नीडल्स' येतात. मी लिहिलं 'नम्बनेस'. एक आजोबा म्हणतात, उठून उभं राहिलं की 'लाइटहेडेड' वाटतं. मी लिहिलं 'व्हर्टिगो'. एकजण म्हणाला, मी 'ब्लड थिनर' घेतो, तर मी चक्क 'वॉरफरिन' हे औषधाचं नाव लिहून मोकळी. वॉरफरिनचं नावसुद्धा त्या रेकॉर्डिंगमध्ये नाही, दोनदा ऐकून खात्री केली.

दुसऱ्या रकान्यातली एक गंमत. बाई सांगते, तीन आठवडे दुखतंय, 'आय टेल अ लाय', पाच झाले असतील. ही खोटं कशाला बोलतेय या विचारात मी पुढची दोन उत्तरंही घालवली.

कृष्णाकाठ

अगं, हे तर माझंच दुखणं! मी मूळची इचलकरंजीची, चार वर्षं यॉर्कशरमध्ये वॉर्डात आहे. मीही दुसऱ्या खेपेला सुटले.

'आय टेल अ लाय' म्हणजे 'छे, चुकलं माझं'. आपण नाही का म्हणत, 'सोमवारी... नव्हे, मंगळवारी'? रुग्ण असा अडखळला की नंतरचा आकडा खरा. पार्ट एमध्ये हे मुद्दाम पेरलेलं असतं.

पण तुझा खरा घोळ तिसऱ्या रकान्यात आहे, आणि तो इंग्रजीचा नाहीच. नऊ वर्षं आपण काय करतो? आजी म्हणते 'पाय मेलाय', आपण कागदावर लिहितो 'नम्बनेस'. मामा म्हणतात 'गरगरतंय', आपण लिहितो 'व्हर्टिगो'. दिवसभर हेच. सवय इतकी मुरलेली असते की कानावर शब्द पडायच्या आत हात त्याचा रोग करून टाकतो. इथे मात्र रुग्ण जे बोलला ते आणि तेवढंच लिहायचं. मुंग्या येणं वेगळं आणि बधिर होणं वेगळं, हे तुला मराठीत कोणी विचारलं असतं तर तू झोपेतही सांगितलं असतंस.

मी काय केलं ते सांगते. हेल्थटॉक नावाचं एक ब्रिटिश संकेतस्थळ आहे, फुकट आहे. खरे रुग्ण आपापल्या आजारपणाबद्दल बोलतात, त्याचे छोटे छोटे व्हिडिओ आहेत. खाली लिखित मजकूरही मिळतो. मजकूर झाकायचा, एक मिनिटभर ऐकायचं आणि लक्षणाचे, वेळेचे, औषधाचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवायचे. मग मजकूर उघडून ताडायचं. रोज पंधरा मिनिटं, जास्त नको. डबा भरता भरता नुसतं ऐकण्याला मी अभ्यास धरत नाही. हातात पेन हवं.

वहीला दोन बाजू. डावीकडे रुग्णाचा शब्द, उजवीकडे मराठी. वैद्यकीय इंग्रजी अजिबात नाही, नाहीतर पुन्हा तेच. माझ्या वहीतलं थोडं:
'रन डाउन': अंगात त्राण नाही
'डल एक': बारीक सतत दुखणं
'थ्रॉबिंग': ठणकतंय
'नॉइंग': कुरतडल्यासारखं
'फोर्टनाइट': पंधरवडा
'वॉटरवर्क्स': लघवीचा त्रास
शेवटच्यावर हसू नकोस. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका आजोबांनी 'वॉटरवर्क्स'ची तक्रार केली आणि मी जाऊन बेसिनचा नळ बघून आले.

अजून एक. संभाषण सुरू व्हायच्या आधी नोट्स बघायला ३० सेकंद मिळतात. त्यात अर्थ लावत बसू नको. फक्त गाळलेल्या जागेत काय येईल ते बघ: आकडा, अवयव, की 'कसं दुखतं' ते. आणि नोट्समधली उपशीर्षकं डोळ्यांत ठेव. एक जागा सुटली तर सोडून दे, पुढच्या उपशीर्षकाला गाडी पकड. तुझी दोन उत्तरं गेली ना, ती अशीच जातात.

स्पेलिंगची धास्ती लिसनिंगला फार घेऊ नको. शब्द ओळखू येत असेल तर किरकोळ चूक चालवून घेतात. रीडिंगच्या पार्ट एमध्ये मात्र अक्षर न् अक्षर बरोबर हवं.

रातपाळी

कृष्णाकाठ ताई, वाचून हसले आणि मग गप्पच बसले. लगेच रीडिंगचे पेपर काढले. तिथेही हाच रोग दिसतोय.

पार्ट सीत रुग्ण पडू नयेत म्हणून भरायच्या फॉर्मबद्दल लेख होता. लेखकाला काय खटकतं असा प्रश्न. मी 'नर्सची संख्या कमी आहे' हा पर्याय निवडला, कारण आमच्याकडे तेच खरं आहे! लेखात त्याचा उल्लेखही नाही. फॉर्म दाखल होताना भरतात, पण रुग्णाची अवस्था बदलली तरी पुन्हा कोणी उघडत नाही, एवढंच लेखक म्हणतो. पार्ट एमध्ये वेगळंच: चारही उतारे नीट वाचत बसते, १५ मिनिटं संपतात तेव्हा सहाएक प्रश्न कोरे असतात.

खडूफळा

पर्याय निवडलात की त्याला आधार देणाऱ्या ओळीवर लेखात बोट ठेवा. बोट ठेवता आलं नाही तर ते मत तुमचं, लेखकाचं नाही. सुरुवातीला वेळ लावूच नका. एक लेख, आठ प्रश्न, आणि प्रत्येक उत्तरासाठी एक अधोरेखित ओळ. चुकीचे तीन पर्याय का चुकीचे, तेही एकेका शब्दात समासात लिहा: 'उल्लेख नाही', 'उलट', 'अर्धंच'. आठवड्याला असे दोन लेख पुरेत.

पार्ट एचं तंत्र निराळं. ते वाचन नाहीच. आपण एसटीचं वेळापत्रक वाचतो का? तासगाव शोधतो आणि निघतो. तसंच. एकाच विषयावरचे चार उतारे असतात. पहिल्या मिनिटात फक्त शीर्षकं आणि तक्ते बघून प्रत्येकाच्या डोक्यावर मराठीत एक शब्द लिहा: 'डोस', 'लक्षणं', 'कोणाला नको', 'आधी काय करायचं'. सुरुवातीचे प्रश्न कुठली माहिती कुठल्या उताऱ्यात, असे असतात. ते सोडवता सोडवता नकाशा पक्का होतो. मग पुढच्या प्रश्नांचे शब्द उताऱ्यातून तसेच उचला. एकवचनाचं अनेकवचन करू नका, आपल्या शब्दांत सांगू नका. १५ मिनिटांनी तो भाग काढून घेतात, मागे जाता येत नाही, म्हणून एका प्रश्नाला मिनिटभर लागलं तर पुढे चला.

सरावाला साहित्य विकत घेऊ नका. ओईटीच्या संकेतस्थळावर नमुना पेपर मोफत आहेत, ते शेवटच्या पंधरा दिवसांसाठी राखून ठेवा. रोजच्यासाठी एनएचएस आणि नाइस या ब्रिटिश आरोग्य संस्थांच्या संकेतस्थळांवरची पानं घ्या. एकाच आजारावरची चार छापा, मिस्टरांना दहा प्रश्न काढायला सांगा आणि घड्याळ लावा.

आता पार्ट सी, ऐकण्यातला आणि वाचण्यातला दोन्ही. तिथे माहिती विचारत नाहीत, बोलणाऱ्याचा कल विचारतात. मराठीत कोणी म्हणालं, 'नवीन पद्धत म्हणे फार सोपी आहे', तर त्या एका 'म्हणे'वरून तुम्हाला कळतं की बोलणाऱ्याला ते पटलेलं नाही. इंग्रजीतले 'म्हणे' गोळा करा: 'सपोजेडली', 'सो-कॉल्ड', 'वुई आर टोल्ड दॅट'. 'ॲट बेस्ट' म्हणजे 'फार तर फार'. 'हार्डली' दिसलं की वाक्याला 'नाही' चिकटवा. बोलणारा बऱ्याचदा आधी लोकांचं मत मांडतो, मग 'बट' किंवा 'दॅट सेड' म्हणून स्वतःचं. चुकीचा पर्याय पहिल्या अर्ध्यातून उचललेला असतो, शब्दही तेच असतात. ज्या पर्यायात ऐकलेले शब्द जसेच्या तसे दिसतील त्याच्याकडे संशयानेच बघा.

रातपाळी

थांबा, मी गोंधळले. पार्ट एमध्ये तेच शब्द लिहायचे आणि पार्ट सीत तेच शब्द दिसले तर संशय घ्यायचा?

खडूफळा

हो. पार्ट एमध्ये तुम्ही कारकून, पार्ट सीत वकील.

दुपारची_झोप

थोडं अवांतर, पण कामाचं. एनएमसी (तीच नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल) दोन बैठकींचे गुण जोडून घेते, दोन्ही १२ महिन्यांच्या आत असतील तर. मात्र दोन्ही वेळा चारही पेपर द्यावे लागतात आणि लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग यांपैकी काहीही सी प्लसच्या खाली जाता कामा नये. तुमचं स्पीकिंग आणि रायटिंग आधीच्या निकालातून धरता येईल. पण झालंय म्हणून स्पीकिंगला तयारीशिवाय जाऊ नका. पैसे भरण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर नियम एकदा वाचा.

रातपाळी (तीन आठवड्यांनी)

सगळ्यांना कळवायचं राहिलं. हेल्थटॉक १६ दिवस झालं, मध्ये पाच नाइट होत्या तेव्हा नाही जमलं. वहीत १४० शब्द झालेत. काल एक जुनी मॉक घड्याळ लावून सोडवली: लिसनिंगचा पार्ट ए २४ पैकी २०. एकदा हात 'डिस्पनिया' (धाप लागण्याचा वैद्यकीय शब्द) लिहायला निघाला होता, 'शॉर्ट ऑफ ब्रेथ' लिहून आले.

रीडिंगचा पार्ट ए २० पैकी १७. मिस्टर प्रश्न इतके तिरके काढतात की खरा पेपर सोपा वाटला. सासऱ्यांना आता समजलंय, ते घड्याळ घेऊन बसतात आणि पंधरा मिनिटं झाली की पान ओढून घेतात.

रीडिंगचा पार्ट सी मात्र १६ पैकी ९. बोट ठेवते, ओळ सापडते, तरी दोन पर्यायांत अडकते, बहुतेक लेखक अर्धवट सहमत असतो तेव्हा. दोन्ही पेपर पाठवू शकते. परीक्षा पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी आहे, इन्चार्ज सिस्टरनी आदल्या दोन नाइट बदलून दिल्यात.

खडूफळा सर, 'म्हणे'ची यादी अजून असेल तर टाका ना.