मुलांना गाडी शिकायचीच नाहीये. कंटाळा म्हणायचा की आणखी काही?

चौथा_गिअर

मुलगा बावीसचा, मुलगी अठराची. दोघांनाही गाडी शिकायची नाही. नकार भांडून दिला असता तर बोलता तरी आलं असतं. इथे फक्त "बघू", "सध्या वेळ नाही", "पण गरज काय आहे बाबा?" एवढंच ऐकायला मिळतं. गाडी दारात उभी आहे, क्लासची फी भरायला मी तयार आहे, शेजारी बसून शिकवायलाही तयार आहे.

त्यांच्या वयात मी आवाजावरून गाडी ओळखायचो. अठरा पूर्ण झाले की लायसन्स, हे ठरलेलंच होतं. लायसन्स हातात आलं तेव्हा मोठं झाल्यासारखं वाटलं होतं आणि ती भावना खरी होती. नुसत्या मिजाशीचा भाग नव्हता तो. कुणाला न विचारता, कुणाची वाट न बघता कुठेही जाता येणं म्हणजे काय हे मला गाडीने शिकवलं. ते यांच्या वाट्याला येत नाहीये याचं वाईट वाटतं.

ऑफिसातले चार जण हेच सांगतात. म्हणून विचारतो. सगळीकडेच असं आहे का? कारण नेमकं काय? आणि मी आग्रह धरावा की सोडून द्यावं? "आजकालच्या मुलांना सगळं आयतं हवं" हे उत्तर कृपया नको. माझी मुलं आळशी नाहीत.

नकाशेवाली

दादा, हे तुमच्या घरापुरतं नाही आणि नवंही नाही. मी वाहतूक नियोजनात काम करते, हा विषय माझ्या रोजच्या कामातला आहे.

अमेरिकेत १९८३ मध्ये सोळा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ४६ टक्क्यांकडे लायसन्स होतं. २०१४ मध्ये २४.५ टक्के उरलं. सोळाव्या वर्षी नाही तर पुढे घेत असतील म्हणावं, तर एकोणीस वर्षांच्यांतही ८७ वरून ६९ टक्क्यांवर आलं. ही मांडणी मिशिगन विद्यापीठाच्या मायकेल सिवाक आणि ब्रँडन शोटल यांची. ब्रिटनमध्ये नव्वदीच्या सुरुवातीला १७ ते २० वयोगटात ४८ टक्के होतं, २०१४ पर्यंत २९ टक्के झालं. जपानमध्ये तरुण गाडीपासून दुरावल्याची चर्चा कित्येक वर्षं चालू आहे.

आता कारण. सगळे पटकन मोबाइलकडे बोट दाखवतात. पण ब्रिटनमधली घसरण नव्वदीच्या मध्यापासूनची आहे. आयफोन आला २००७ मध्ये, उबर सुरू झाली २००९ मध्ये. त्यांनी पुढे भर घातली असेल, सुरुवात त्यांच्यापासून झालेली नाही.

सिवाक आणि शोटल यांनी २०१३ मध्ये लायसन्स नसलेल्या १८ ते ३९ वयाच्या लोकांना थेट कारण विचारलं. एकापेक्षा जास्त कारणं सांगायची मुभा होती. ३७ टक्के म्हणाले, वेळ मिळत नाही. ३२ टक्के म्हणाले, गाडी घेणं आणि सांभाळणं परवडत नाही. ३१ टक्के म्हणाले, कुणीतरी सोडतं. पर्यावरणाचं नाव घेणारे फक्त ९ टक्के होते. म्हणजे तुमचा मुलगा "वेळ नाही" म्हणतो ती पळवाट समजू नका, हजारो मैलांवरची त्याच्यासारखी मुलंही सगळ्यात आधी तेच सांगतात.

ब्रिटनच्या परिवहन खात्यासाठी २०१८ मध्ये झालेला अभ्यास मला सगळ्यात पटतो. त्यात गाडीपेक्षा आयुष्याबद्दलच जास्त आहे. शिक्षण लांबलं, पहिल्या नोकऱ्या कमी पगाराच्या आणि बेभरवशाच्या झाल्या, मुलं आईवडिलांकडे जास्त वर्षं राहू लागली, लग्न आणि मूल पुढे गेलं. गाडीची खरी निकड या टप्प्यांबरोबर येते. टप्पे सरकले, तशी गाडीही सरकली.

एक सावधगिरी. हे आकडे ज्या समाजांत घरोघरी गाडी होती तिथले आहेत. जिथे गाडी आत्ता कुठे घरोघरी पोचते आहे, तिथल्या बहुतेक तरुणांना "गाडीत रस उरला नाही" म्हणणं चूक आहे. त्यांच्यापुढे तो पर्याय अजून आलेलाच नाही.

खिडकीची_जागा

काका, मी पंचवीस वर्षांची आहे, लायसन्स नाही. तुमच्या मुलांच्या बाजूने बोलते.

तुम्हाला गाडीने जे दिलं, कुणाची वाट न बघता निघता येणं, ते मला पास आणि फोन देतात. बस कधी येणार हे आधी कळतं, कुठे बदलायची ते कळतं, रात्री उशीर झाला तर टॅक्सी दारात येते. प्रवासात मी वाचते, कामाचे निरोप संपवते, झोपतेसुद्धा. गाडी चालवणाऱ्या माझ्या सहकाऱ्याचा तोच तास हात आणि डोळे अडकलेले असतात, आणि पोचल्यावर तो जागा शोधत फिरतो. मला त्यात मुक्ती दिसत नाही.

आणि पैशांचं सांगते. गाडीची किंमत एकदाच मोजायची असती तर गोष्ट वेगळी. हप्ता, विमा, इंधन, सर्व्हिसिंग, पार्किंग हे दर महिन्याला उभं राहतं, आणि गाडी दिवसातला बहुतेक वेळ नुसती उभी. बऱ्याच देशांत नव्या चालकाला विमा सगळ्यात महाग पडतो, आणि नवा चालक म्हणजे ज्याच्या हातात सगळ्यात कमी पैसे आहेत तोच. आमच्या वयाच्या माणसाने हा हिशोब घातला की उत्तर काय येणार?

मला गाड्या आवडत नाहीत असं नाही. कुणी चालवत असेल तर लांबच्या प्रवासाला मी पहिली तयार. स्वतःची हवीच, ही ओढ मात्र वाटत नाही.

शेवटचा_थांबा

ताईंचं बरोबर आहे, पण हे बस असलेल्यांचं उत्तर आहे. आमच्याकडे संध्याकाळी शेवटची बस गेली की गेली. इथली मुलं वय पूर्ण होण्याआधीच गाडीला हात घालतात, आवड आहे की नाही हे त्यांना कुणी विचारत नाही. शहरातल्या मुलाला "नको" म्हणता येतं, कारण त्याच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी सोय केलेली आहे. एवढंच म्हणायचं होतं.

शिकवणारा_मामा

आयुष्य गेलं शिकवण्यात. माझ्या पायाखाली जादा ब्रेक आणि क्लच असतो आणि शेजारी रोज नवा माणूस. नकाशेवाली ताईंचे आकडे मला पटले, खिडकीची जागावाल्या मुलीचा हिशोबही पटला. पण माझ्या सीटवरून जे दिसतं ते या दोन्हीत आलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पूर्वी माझ्याकडे येणारा पोरगा हातापायाने कच्चा असायचा. क्लच झटकन सोडायचा, गाडी उडी मारून बंद पडायची, चढावर मागे यायची. पण रस्ता त्याला माहीत असायचा. लहानपणापासून त्याने काचेतून समोर बघितलेलं असायचं, कारण गाडीत दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. उभ्या बसच्या पुढून कुणीतरी आडवं येतं, चेंडू आला की मागून पोर येतं, समोरच्याने ब्रेक मारायच्या आधी त्याच्याही पुढचा हळू होतो, हे त्याला कुणी शिकवलेलं नसायचं. नजर तयार असायची. मी फक्त हातपाय बसवायचो.

आता उलट आहे. आजची मुलं हातापायाने चपळ आहेत. हाफ क्लच पटकन सापडतो, गिअर न बघता पडतो, आरसे कुठे लावायचे ते एकदा सांगून पुरतं. आणि मग गाडी चालू रस्त्यावर काढली की खांदे आखडतात, स्टीअरिंग घट्ट धरलं जातं, घाम फुटतो. कारण ती वर्षानुवर्षं मागच्या सीटवर बसली, मान खाली, पडद्यावर. रोज ज्या रस्त्याने शाळेत गेली त्या रस्त्यावर सिग्नल किती हे सांगता येत नाही. त्यांच्यासाठी रहदारी ही एकदम, एकाच दिवशी, सगळी अंगावर येणारी गोष्ट असते. पोहणं नुसतं वाचून आलेल्याला थेट खोल पाण्यात उभं करावं तसं. पहिल्या आठवड्यात हे झालं की पुढच्या आठवड्यात फोन येतो, "मामा, सध्या जरा वेळ नाही."

त्या "वेळ नाही"मध्ये भीती असते. सगळ्यांच्या नाही, पण बऱ्याच जणांच्या. आणि मी त्या भीतीला नावं ठेवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात रस्ते अपघातांत वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं जातात, आणि ५ ते २९ वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण हेच आहे. आम्ही हे ऐकून होतो, ही मुलं ते बघतात. गाड्यांच्या कॅमेऱ्यात टिपलेले अपघात त्यांच्या फोनवर रोज येतात. ज्याला धोका दिसतो तो कचरतो. मला असा विद्यार्थी बेफिकीर विद्यार्थ्यापेक्षा शंभर वेळा चालेल.

लायसन्सही आता लगेच मिळत नाही, हे लक्षात घ्या. न्यूझीलंडने १९८७ मध्ये टप्प्याटप्प्याने लायसन्स द्यायची पद्धत आणली. आधी शिकाऊ, मग रात्री एकट्याने चालवायला आणि सोबत मित्र बसवायला बंदी असलेलं, मग पूर्ण. अमेरिकेतली राज्यं नंतर त्याच वाटेने गेली. ब्रिटनमध्ये १९९६ पासून रस्त्याच्या नियमांची वेगळी परीक्षा आहे आणि २००२ पासून चित्रफितीत धोका ओळखून दाखवावा लागतो. मी या नियमांच्या पूर्ण बाजूने आहे. एकट्याने चालवायला लागल्यानंतरचे पहिले काही महिने सगळ्यात वाईट असतात, आणि शेजारी समवयस्क मित्र असला की धोका वाढतो. पण दोन दिवसांत हातात पडणारी वस्तू आता महिने घेते, आणि ज्याला निकड नाही तो तेवढा वेळ काढत नाही. त्यात गैर काय?

आता तुमचा प्रश्न, साहेब. आग्रह धरू नका. लायसन्सचा विषय काही महिने घरात काढूच नका. त्याऐवजी मुलाला पुढच्या सीटवर बसवा, फोन खिशात, आणि त्याला जे दिसतंय ते मोठ्याने बोलायला सांगा. "डावीकडून सायकल येतेय. पुढची पांढरी गाडी रेंगाळतेय, वळणार असेल. त्या टेम्पोचा दरवाजा उघडतोय." पोलीस चालकांच्या प्रशिक्षणात ही पद्धत वापरतात. सुरुवातीला लाज वाटते, मग मजा येते, आणि तुमच्याआधी त्याला धोका दिसू लागतो. त्या दिवशी त्याच्या हातात स्टीअरिंग द्यायला हरकत नाही.

आणि रागावू नका, पण पहिले धडे तुम्ही स्वतः देऊ नका. ज्याचं गाडीवर प्रेम असतं त्याला गिअरचा खरखराट सहन होत नाही. तुम्ही ओरडणार नाही, फक्त श्वास रोखून धराल, आणि मुलाला तेवढंही कळतं.

खिडकीची_जागा

मामा, माझ्याबाबतीत तरी भीतीपेक्षा हिशोब जास्त आहे, असं अजूनही म्हणेन. पण रस्ता न बघण्याचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. माझ्या रोजच्या बसचा मार्ग मला थांब्यांच्या नावांवरून माहीत आहे, वळणांवरून नाही.

शिकवणारा_मामा

हिशोब असेल तर हिशोबच. गाडी विकत घेऊ नकोस, मी कुठे म्हणतोय? पण चालवायला येणं आणि गाडी बाळगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रात्री घरातल्या कुणाला दवाखान्यात न्यायचं आहे, चालवणारा माणूसच आजारी आहे, अशा वेळी किल्ली उचलता यावी एवढ्यासाठी शीक. नोकरीही आहे, काही कामांना लायसन्स लागतंच.

नकाशेवाली

टप्पे सरकले म्हणून गाडी सरकली, या माझ्या मुद्द्याला एक जोड देते. १९७९ च्या तेलटंचाईच्या सुमारास जे अमेरिकन तरुण गाडी चालवायच्या वयात आले, ते २००० सालीसुद्धा कामावर जायला गाडी कमी वापरत होते. अर्थशास्त्रज्ञ सेव्हरन आणि व्हॅन बेंथेम यांचा हा निष्कर्ष. तेल नंतर स्वस्त झालं तरी सवय तशीच राहिली. म्हणजे सगळी मुलं तिशीत गाडीकडे वळतील असं धरून चालता येत नाही. माझ्या कामाच्या बाजूने बघितलं तर ही आनंदाची बातमी आहे. ज्या शहरांना गर्दी आणि धूर कमी करायचा आहे त्यांनी याच वयाच्या मुलांना चांगली बस दिली, तर ती मुलं पुढेही बस सोडणार नाहीत. बस बिघडवली तर हीच मुलं नाइलाजाने गाडी घेतील आणि मग आपण म्हणू, बघा, शेवटी आवड निर्माण झालीच.

चौथा_गिअर

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, टप्पे सरकले हे मला आजवर कुणी असं सांगितलं नव्हतं. शेवटचा_थांबा, तुमचं म्हणणं मुलांना वाचून दाखवलं. मुलगी म्हणाली, "आपल्याकडे शेवटची बस किती वाजता असते?" तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

मामा, एकच विचारतो. मुलाने पुढच्या सीटवर बसायला हो म्हटलंय. पुढे शिकायची वेळ आली तर ऑटोमॅटिकवर शिकवावं की गिअरच्या गाडीवर? मित्र म्हणतात, गिअर शिकला नाही तर चालक कसला.

शिकवणारा_मामा

मित्रांचं ऐकू नका. ज्याची नजर अजून तयार व्हायची आहे त्याचा डावा पाय मोकळा ठेवा, ऑटोमॅटिकवरच सुरू करा. रस्ता वाचता आला की क्लच कधीही शिकता येतो. फक्त लायसन्स काढताना तिकडचा नियम बघून घ्या, काही देशांत ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर गिअरची गाडी चालवता येत नाही. आणि मुलीलाही बसवा पुढे, आळीपाळीने.